कुटाचा चमचा आणि घरातल्या भुका

कोल्हापुरात शेंगदाण्याचा कूट कशात नसतो, हेच विचारायला हवं. भरली वांगी, खर्डा, कोशिंबीर, उपवासाची खिचडी; भडंगात तर अख्खे दाणे. अशा घरात एका लेकराला शेंगदाणा चालत नाही म्हटलं, की आज्जी म्हणतेच, "एवढ्यानं काय हुतंय? थोडं थोडं दिलं की सवय हुईल."

इथंच घात होतो. अ‍ॅलर्जीत शरीर शेंगदाण्याच्या प्रथिनाला शत्रू समजून आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. ती अंगातल्या मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा दाणा पोटात गेला की या पेशी बऱ्याचदा काही मिनिटांतच हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, कधी श्वासच अडतो. त्याला चिमूटभर कूटही पुरतो. दाणे भाजल्यानं ही प्रथिनं निकामी होत नाहीत. म्हणून कुटातला चमचा आमटीत जाता कामा नये. तालमीतल्या दादाची बदामाची थंडाई ज्या मिक्सरात वाटली, त्याच्या पात्याखालचा चोथाही बदामाची अ‍ॅलर्जी असलेल्या धाकट्याला बाधू शकतो.

आज्जीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते वेगळ्या वयाचं. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या 640 तान्ह्या बाळांपैकी निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाणा खाऊ घातला, निम्म्यांना दिला नाही. खाणाऱ्यांमध्ये पाचव्या वर्षी ही अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. पण तिथं आधी तपासणी झाली होती. अ‍ॅलर्जी जडल्यावर घरच्या घरी असा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

दुधाचा घोळ निराळा. गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्यांच्या गावात "गाईचं सोसत नाही तर म्हशीचं द्या" हा सल्ला हमखास मिळतो. दोन्हींतली प्रथिनं इतकी सारखी, की अ‍ॅलर्जी असेल तर म्हशीचंही बहुधा बाधतंच. दुधानं नुसतं पोट फुगत असेल, जुलाब होत असतील, तर अनेकदा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नसते. ती अ‍ॅलर्जी नव्हे. अशा माणसाला दही बऱ्याचदा चालतं.

भुकेचं गणित मात्र उलटं. तिथं ज्याचं त्याला कळू द्यावं. बाळाचं वजन पहिल्या वर्षात जवळपास तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. मग भूक मंदावणारच. त्याच्यामागं वाटी घेऊन धावू नये. वजन घटलं तर डॉक्टरांना दाखवावं. आजोबांचा वास-चवीचा जोर ओसरतो, पोट उशिरा रिकामं होतं, चार घासांत ते भरतं. म्हणून त्या चार घासांत आधी उसळ, अंडं किंवा दही यावं, भात नंतर.

पंगतीला बसण्याआधी आचाऱ्याला विचाराच: पांढऱ्या रश्श्यात तीळ, खसखस, काजू काय काय वाटलंय? आणि श्वास अडू लागला, तर नुसत्या अ‍ॅलर्जीच्या गोळीवर थांबू नका. गोळी खाज कमी करते, श्वासनळी मोकळी करत नाही. मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. तडक दवाखाना गाठा.