लेकीला माहेरी नेण्याची तारीख ठरवण्यापूर्वी
गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यातील प्रवासाविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे, आणि नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्या लेकीसुनांना लातूर, नांदेड, सोलापूर, कोल्हापूर, चिपळूण किंवा नागपूर येथे सुखरूप पोहोचवण्याचे काम आमच्या कार्यालयाकडे वर्षभर येत असते. गाडी कोणती, भाडे किती, वाटेत जेवणासाठी कुठे थांबायचे, याची माहिती बहुतेक ग्राहकांना असतेच. अडचण येते ती एकाच ठिकाणी, आणि ती जवळजवळ प्रत्येक वेळी तशीच येते, म्हणून हे पत्रक काढले आहे.

ग्राहक आम्हाला फोनवर सांगतात, "आठवा लागला आहे, पुढच्या रविवारी निघायचे आहे." एवढ्या माहितीवर तिकीट किंवा गाडी नक्की करता येत नाही, कारण आठवा महिना म्हणजे नेमके किती दिवस, हे प्रत्येक घरात वेगळे असते. काही घरांत चार आठवड्यांचा एक महिना धरतात. त्या हिशेबाने आठवा महिना 28 आठवडे पूर्ण झाल्यावर लागतो आणि 32 आठवड्यांना संपतो. काही घरांत दिनदर्शिकेचा महिना धरतात. त्या हिशेबाने तोच आठवा महिना 30 आठवड्यांनंतर सुरू होऊन जवळजवळ 35 आठवड्यांपर्यंत चालतो. पाळी चुकल्याच्या दिवसापासून मोजणारेही आहेत, आणि त्यांचा आकडा आणखी सुमारे चार आठवड्यांनी मागे राहतो. म्हणजे तीन घरांतील तीन मुली एकाच दिवशी आठव्या महिन्यात असू शकतात, आणि त्यांपैकी एकीला विमानात काहीही न विचारता घेतील, दुसरीकडे डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतील आणि तिसरीने खरे तर प्रवासाचा विचारच सोडून द्यायला हवा असेल.

डॉक्टर, विमान कंपन्या आणि आम्ही, सगळे पूर्ण झालेले आठवडे मोजतो, आणि ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात. प्रसूतीची अपेक्षित तारीख 40 आठवड्यांची, म्हणजे 280 दिवसांची असते. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत ही तारीख पुढेमागे झाली असेल आणि डॉक्टरांनी ती बदलून लिहिली असेल, तर बदललेली तारीखच धरावी. उदाहरणार्थ, शेवटची पाळी 1 जानेवारीला आली असेल आणि त्या वर्षीचा फेब्रुवारी 28 दिवसांचा असेल, तर 28 आठवडे 16 जुलैला, 32 आठवडे 13 ऑगस्टला, 34 आठवडे 27 ऑगस्टला आणि 36 आठवडे 10 सप्टेंबरला पूर्ण होतात. प्रसूतीची तारीख 8 ऑक्टोबर येते. आता याच घरात कोणी सहज म्हणाले की गणपती झाले की नेऊ, तर तो बेत कुठे जाऊन पडतो हे कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. आठवडे फोन करण्याच्या दिवशीचे नव्हे, तर प्रवासाच्या दिवशीचे धरायचे असतात. डोहाळजेवणासाठी गावी जाऊन परत यायचे असेल, तर परतीच्या दिवशीचे धरायचे असतात. जाताना 31 आठवडे असतील आणि समारंभानंतर दोन आठवडे विश्रांती घेऊन परतायचे असेल, तर परतीचा प्रवास 33 आठवडे पूर्ण झाल्यावर होतो, आणि तिथले नियम जातानाच्या नियमांपेक्षा वेगळे असतात.

एका कुटुंबाने नागपूरचे विमानाचे तिकीट स्वतःच काढले होते आणि आमच्याकडून फक्त विमानतळापर्यंत गाडी घेतली होती. प्रवासाच्या दिवशी मुलीचे 33 आठवडे पूर्ण झाले होते. जावयांच्या हातात सगळी फाईल होती, रक्ताचे अहवाल होते, सोनोग्राफीच्या प्रती होत्या, आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने त्याच सोनोग्राफीवरची तारीख वाचून उड्डाणास योग्य असल्याचे प्रमाणपत्र मागितले. ते नव्हते. विमान गेले, मुलगी बॅगांच्या ट्रॉलीला टेकून उभी राहिली, आणि आमच्या चालकाला अर्ध्या वाटेतून परत बोलवावे लागले. डॉक्टरांनी ते प्रमाणपत्र मागताक्षणी दिले असते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

देशांतर्गत विमान प्रवासात साधारणपणे 32 आठवड्यांपर्यंत अडचण येत नाही, त्यापुढे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, आणि 36 आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या प्रवासी म्हणून घेत नाहीत. जुळी असतील तर ही मर्यादा आणखी अलीकडे येते, म्हणून जुळ्यांची माहिती आम्हाला पहिल्याच फोनमध्ये द्यावी. प्रमाणपत्र किती दिवसांपूर्वीचे चालते आणि त्यात नेमके काय लिहिलेले असावे, हे कंपनीगणिक बदलते. तिकीट आमच्याकडून काढल्यास त्या दिवशीचा नियम पाहून मजकूर आम्ही आपल्याला लिहून देतो, म्हणजे डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा जावे लागत नाही. फार आधी घेतलेले प्रमाणपत्र चालत नाही, हे मात्र सगळीकडे सारखेच आहे. विमानात बाळाला प्राणवायू कमी पडेल का, असे अनेक आया विचारतात. केबिनमधील हवेचा दाब जास्तीत जास्त सुमारे 2400 मीटर उंचीवरील हवेइतका विरळ होतो आणि निरोगी आईबाळाला तो सोसतो. मात्र हिमोग्लोबिन फार कमी असेल तर हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारावा.

रेल्वेत खालचा बर्थ मिळावा म्हणून ज्येष्ठ नागरिक, 45 वर्षांवरील महिला आणि गरोदर महिला यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. गरोदर महिलेसाठी या सोयीतून आरक्षण करताना काउंटरवर डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. बर्थ थोडे आणि मागणारे पुष्कळ असतात, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. रात्रीच्या स्लीपर बसची चौकशीही आमच्याकडे बरीच होते, आणि 28 आठवड्यांनंतर आम्ही ते तिकीट काढून देत नाही. बहुतेक बसमध्ये स्वच्छतागृह नसते, झोपून जाताना पट्टा नसतो, आणि रात्री दोन वाजता बीड जिल्ह्यात कुठेतरी त्रास सुरू झाला तर बस आपल्यासाठी रुग्णालयाकडे वळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

गाडीने जाताना सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की खड्ड्यांनी आणि गतिरोधकांनी कळा सुरू होतील का. गर्भपिशवीतील पाण्यात बाळ सुरक्षित असते. गरोदरपण व्यवस्थित चालले असेल तर रस्त्याच्या साध्या धक्क्यांनी प्रसूती होत नाही. आईला पाठदुखी होते, थकवा येतो, आणि म्हणून आमचे चालक गाडी सावकाश चालवतात, एवढेच. खरी काळजी तीन गोष्टींची करावी लागते. पहिली, प्रवासात नैसर्गिकरीत्याच काही सुरू झाले तर जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे. दुसरी, तासन्‌तास बसून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका, जो गरोदरपणात एरवीपेक्षा जास्त असतो. तिसरी, अपघात.

पट्ट्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण निघताना दारात सासूबाई आणि आई दोघींचेही एकमत होते की पोटावर पट्टा नको. पट्टा पोटावर घ्यायचाच नसतो. खालची पट्टी पोटाच्या खाली, दोन्ही मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांना टेकून घट्ट बसवायची. वरची पट्टी खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने खाली न्यायची. पाठीमागे उशी घेतली तरी चालेल, पण पट्टा आणि अंग यांच्यामध्ये उशी किंवा घडी केलेली शाल ठेवू नये, कारण झटका बसल्यास पट्टा घसरून पोटावर येतो. आमचे चालक पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाहीत, आणि त्यावरून कृपया त्यांच्याशी वाद घालू नये.

साधारण दीड तासाने आम्ही गाडी थांबवतो, मुलीला पाच-दहा मिनिटे चालू देतो, आणि या थांब्यांचे वेगळे पैसे घेत नाही. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी कमी पिण्याची सवय अनेकींना असते. ती या प्रवासात मोडावी. पुणे ते कोल्हापूर सुमारे 230 किलोमीटर आहे आणि वाटेत सातारा, कराड ही मोठ्या रुग्णालयांची गावे लागतात, त्यामुळे तो रस्ता आम्हाला निर्धास्त वाटतो. नांदेडचे अंतर याच्या जवळजवळ दुप्पट आहे, म्हणून 32 आठवड्यांनंतर आम्ही तो प्रवास वाटेत एक मुक्काम करून दोन दिवसांत करण्याचा आग्रह धरतो. कोकणात जायचे असेल आणि पावसाळा असेल, तर ताम्हिणी किंवा वरंधा घाटाने जवळ पडते म्हणून तिकडून नेण्याची विनंती आम्ही मान्य करत नाही. दरड कोसळून घाट बंद झाला तर मागेही जाता येत नाही आणि पुढेही. समृद्धी महामार्ग गुळगुळीत आहे, परंतु त्यावरून हवे तिथे गावात उतरता येत नाही, ठरावीक ठिकाणीच बाहेर पडता येते, हे नागपूरकडे जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

अनेक घरांत सातव्यात डोहाळजेवण होते, आठव्यात हलवायचे नाही असे म्हणतात आणि नवव्यात माहेरी न्यायचे ठरते. घरच्या रीतीबद्दल आम्हाला आदर आहे, पण लांबच्या प्रवासासाठी नववा महिना सर्वांत गैरसोयीचा असतो, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. 37 आठवड्यांच्या आत होणारी प्रसूती अकाली मानली जाते आणि अशा प्रसूती होत असतात. शिवाय माहेरच्या गावातील डॉक्टरांनाही मुलीला दोनतीनदा तपासून पाहायला वेळ हवा असतो. प्रसूतीच्या तोंडावर फाईल घेऊन आलेल्या अनोळखी रुग्णापेक्षा आधीपासून नाव नोंदवलेल्या मुलीची व्यवस्था ते निश्चितच चांगली ठेवू शकतात. डॉक्टरांची हरकत नसेल तर 28 ते 32 आठवड्यांच्या दरम्यानचा, सकाळी लवकर निघून उजेडात पोहोचणारा प्रवास आम्ही सुचवतो. त्यासाठी डोहाळजेवण माहेरीच ठेवले तर दोन्ही गोष्टी साधतात, आणि आमच्या अनेक ग्राहकांनी तसे केलेले आहे.

34 आठवडे पूर्ण झाल्यानंतर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही गाडी देत नाही, आणि 36 नंतर तीन तासांपेक्षा लांबचा प्रवास परवानगी असली तरी स्वीकारत नाही. रात्रीचा प्रवास 28 आठवड्यांपासूनच बंद असतो, आणि मुलीसोबत चालकाशिवाय एक प्रौढ व्यक्ती असावीच लागते. या नियमांमुळे काही ग्राहक नाराज होऊन दुसरीकडून गाडी घेतात, याची आम्हाला कल्पना आहे. परंतु प्रवास करावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही आणि ते ज्ञानही आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज एका मुलीला आणि तिच्या बाळाला घेऊन घाट उतरण्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही. वार (प्लासेंटा) खाली असणे, रक्तस्राव झालेला असणे, रक्तदाब वाढलेला असणे, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असणे, आधीची प्रसूती अकाली झालेली असणे, यांपैकी काहीही असेल तर आठवडे कितीही असोत, आधी डॉक्टरांना भेटावे. डॉक्टरांनी नको म्हटले तर आम्ही आगाऊ रक्कम पूर्ण परत करतो आणि माहेरच्या माणसांना पुण्यात आणण्यासाठी तीच गाडी सवलतीत देतो. आईने लेकीकडे येऊन बाळंतपण करण्यात काही कमीपणा नाही.

निघताना संपूर्ण फाईल डिकीतील बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावी: माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, सर्व सोनोग्राफी, चालू औषधांची चिठ्ठी, आणि दोन्ही गावांतील डॉक्टरांचे दूरध्वनी क्रमांक. वाटेत रक्त किंवा पाणी गेले, पोट ठरावीक अंतराने कडक होऊ लागले, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर घर जवळ आले आहे म्हणून पुढे जाऊ नये. चालकाला तसे लगेच सांगावे. जवळच्या रुग्णालयाकडे गाडी वळवण्यासाठी त्याला आमची परवानगी विचारावी लागत नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्राप्रमाणे गोवा आणि कर्नाटकातही मिळते, त्यामुळे बेळगाव किंवा पणजीकडे जाणाऱ्यांनीही हाच क्रमांक लक्षात ठेवावा.

नोंदणीसाठी फोन करताना अपेक्षित प्रसूतीची तारीख सोनोग्राफीच्या कागदावरून वाचून सांगावी, आणि हे कितवे बाळंतपण आहे व बाळ एक की जुळी तेही सांगावे. महिने सांगू नयेत. एवढी माहिती मिळाली की प्रवासाच्या आणि परतीच्या दिवशी किती आठवडे होतात, कोणते कागद लागतील आणि कोणता रस्ता योग्य, हे आम्ही त्याच दिवशी लेखी कळवतो. त्यासाठी शुल्क नाही, आणि गाडी आमच्याकडून घेतलीच पाहिजे असेही नाही. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे, त्यांचे उत्तर घ्यावे, आणि मग तारीख पक्की करण्यासाठी आम्हाला पुन्हा फोन करावा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तारीख बदलावी लागली, तर गाडीच्या नोंदणीसाठी पहिल्या बदलाचे पैसे आम्ही घेत नाही.