ऑटोमॅटिकची मॅन्युअल करताना वायरिंग का नडतं, त्याची पार्श्वभूमी

ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल गिअरबॉक्स टाकायचा म्हटलं की सगळं लक्ष क्लच पेडल, फ्लायव्हील, प्रोपेलर शाफ्टची लांबी याच्यात जातं, आणि एवढं सगळं बसवून चावी फिरवली की सेल्फच लागत नाही. बॅटरी फुल, स्टार्टर चांगला, तरी साधा टिक आवाज पण नाही. कारण लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलला आहे असा सिग्नल मिळाल्याशिवाय स्टार्टरपर्यंत करंटच जात नाही, आणि तो सिग्नल देणारा स्विच तर जुन्या गिअरबॉक्सबरोबर खाली उतरवून ठेवलाय. ऑटोमॅटिकच्या वायरी एका दिवसात आलेल्या नाहीत, एकेक वायर एकेका कारणाने वाढत गेलीय, आणि ते कारण कळलं की कुठली जोडायची, कुठली सोडायची आणि कुठलीसाठी लॅपटॉप लागणार हे आपोआप कळतं.

सुरुवात अमेरिकेत. ओल्डस्मोबिलने १९४० च्या मॉडेलमध्ये हायड्रा-मॅटिक दिला, मोठ्या संख्येने बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक. गिअर कधी बदलायचा हे ऑइलचं प्रेशर आणि गव्हर्नर (गाडीच्या वेगाप्रमाणे प्रेशर बदलणारा भाग) मिळून ठरवायचे, त्यात करंटचं काही कामच नव्हतं. वेगळा पार्क पण नव्हता, इंजिन बंद करून लिव्हर रिव्हर्सला टाकला की गाडी जागेवर अडकायची. आणि लिव्हरचा क्रम होता न्यूट्रल, ड्राइव्ह, लो, रिव्हर्स, म्हणजे पुढे जायच्या गिअरला लागूनच रिव्हर्स! प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा, त्यामुळे दुसऱ्याची गाडी चालवताना चूक व्हायचीच. शेवटी १९६८ पासून तिथलं फेडरल सेफ्टी स्टँडर्ड १०२ लागू झालं, त्यात पुढचे गिअर आणि रिव्हर्स यांच्यामध्ये न्यूट्रल पाहिजे असं ठरलं, आणि गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागता कामा नये हेही. असा स्विच बऱ्याच गाड्यांत आधीपासून होता, आता तो कायद्याने आला. पुढे त्याच स्विचमध्ये रिव्हर्स लाइटचे कॉन्टॅक्ट पण गेले. आज स्वॅप, म्हणजे गिअरबॉक्सची अदलाबदल करताना पहिल्या हाताला लागणाऱ्या चार वायरी त्या याच, दोन सेल्फच्या आणि दोन रिव्हर्स लाइटच्या.

तोपर्यंत गिअरबॉक्सच्या आत वायर फारशी गेली नव्हती. १९६४ मध्ये जीएमचा टर्बो हायड्रा-मॅटिक ४०० आला, त्यात फक्त किकडाउनला (अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर पडणं) इलेक्ट्रिक स्विच आणि सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारा व्हॉल्व्ह होता, म्हणून अशा गाडीचा स्वॅप वायरिंगच्या बाजूने अगदी सोपा. खरा बदल १९७३ च्या तेलसंकटानंतरचा. मायलेज वाढवायचं म्हणून टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी ऑइलमधून ताकद पोचवणारा भाग) घसरण थांबवून तो थेट जोडणारा लॉक-अप क्लच सर्रास यायला लागला, तो कधी लॉक करायचा यासाठी सोलेनॉइड आला, ब्रेक दाबला की सोडायचा म्हणून ब्रेक स्विचची वायर आली, मग स्पीड सेन्सर आला आणि हे सगळं सांभाळायला एक बॉक्स, टीसीयू.

या काळातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे जीप चेरोकी एक्सजे. १९८७ पासून तिच्या ४ लिटर इंजिनला जपानच्या आयसिन-वॉर्नरचा एडब्ल्यू ४ लागला, आत तीन सोलेनॉइड, दोन गिअर बदलायला आणि एक लॉक-अपला. टीसीयू इंजिनच्या कॉम्प्युटरपासून वेगळा, डॅशबोर्डखाली. त्याचा कपलर काढला तरी गाडी चालते, लिव्हर १-२ वर टाकला की पहिला, ३ वर तिसरा, डी वर चौथा! म्हणूनच ही गाडी मॅन्युअल करताना टीसीयू सरळ काढून ठेवता येतो. न्यूट्रल स्विच मात्र नीट बघावा असा आहे, गिअरबॉक्सच्या बाजूला सिलेक्टर शाफ्टवरच बसलेला, खालून चिखलपाणी लागून आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट हिरवे पडतात, मग न्यूट्रलला सेल्फ लागतो पण पार्कला लागत नाही, नाहीतर रिव्हर्स लाइट जातात. कित्येक जुन्या चेरोकीचं गाऱ्हाणं एवढंच असतं.

पुढे मात्र दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागले आणि काम अवघड झालं. ड्राइव्हमध्ये कन्व्हर्टरचा लोड इंजिनवर येतो, म्हणून पार्क-न्यूट्रलचा सिग्नल बघून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) ठरवतो, गिअर बदलताना क्षणभर स्पार्कचं टायमिंग मागे घेऊन झटका कमी करतो. तो सिग्नल तसाच लटकता ठेवला तर आयडल वरखाली होतं आणि माणूस उगाच थ्रॉटल बॉडी धूत बसतो. १९९६ पासून अमेरिकेत ओबीडी २, म्हणजे गाडीने स्वतःच बिघाड ओळखून कोड द्यायची पद्धत, सक्तीचं झालं, मग सोलेनॉइड सापडला नाही की पी ०७०० च्या घरातले, म्हणजे गिअरबॉक्सच्या बिघाडाचे कोड आणि चेक इंजिन लाइट, आणि तिथल्या बऱ्याच राज्यांत ती लाइट पेटलेली असली की एमिशन टेस्ट नापास. सोलेनॉइडच्या जागी रेझिस्टर लावून ईसीयूला फसवायचा उपाय यातूनच आला, पण ईसीयूत मॅन्युअलचं प्रोग्रॅमिंग टाकता येत असेल तर तेच करावं, गरम होणारे रेझिस्टर हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) लपवून ठेवणं मला अजिबात पटत नाही. बॉशने १९८६ मध्ये कॅन बस, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांनी दोन वायरींवर एकमेकांशी बोलायची पद्धत, जगापुढे आणली आणि १९९८ च्या बीएमडब्ल्यू ई ४६ पर्यंत गिअरबॉक्सचा टीसीयू इंजिनच्या ईसीयूशी कॅनवरच बोलत होता, तिथे नुसत्या वायरी जोडून भागत नाही, गाडी आता मॅन्युअल आहे असं कोडिंग करून सांगावं लागतं.

आणि आता त्या सेल्फच्या दोन वायरींबद्दल, कारण माझा जीव तिथेच अडकतो. बहुतेक ठिकाणी त्या पिळून टेप मारतात, सेल्फ लागतो, सगळे खूश. पण ऑटोमॅटिकमध्ये गाडी गिअरमध्ये सुरू होऊ नये म्हणून जी वायर होती ती आपण मारून टाकली, आता पहिल्या गिअरमध्ये उभ्या गाडीची चावी कोणी खिडकीतून हात घालून फिरवली तर गाडी सरळ पुढे उडी मारणार, समोर भिंत असो की माणूस. त्याच दोन वायरींमध्ये क्लच पेडलचा स्विच लावायला अर्धा तास पण लागत नाही, पेडल दाबल्याशिवाय सेल्फ नाही. रिव्हर्स लाइटच्या दोन वायरी नव्या गिअरबॉक्सच्या रिव्हर्स स्विचला, स्पीडोमीटर चालतोय का ते बघायचं, आणि मगच कन्सोलचं कव्हर बसवायचं.