मुलांच्या कोरोनरी वाहिन्या आणि दाब मोजणारी तार

सोलापुरात उजनीचे पाणी आले, की गल्लीतील सगळे नळ एकदम सुटतात आणि ज्या घराचा पाइप आतून अरुंद झालेला असतो, तेथील धार नेमकी तेव्हाच बारीक होते. एकटाच नळ चालू असताना हा दोष लक्षातही येत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिन्यांचेही असेच आहे. विश्रांतीत पुरेसे वाटणारे रक्त धावताना कमी पडू शकते.

मुलांमधील हा दोष बहुधा चरबी साठून झालेला नसतो. काहींची डावी कोरोनरी वाहिनी जन्मतःच महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतून निघते; काहींची चुकीच्या जागी निघून थोडे अंतर महाधमनीच्या भिंतीतूनच जाते. तिसरे मोठे कारण म्हणजे कावासाकी आजार. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पाच दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, लाल ओठ आणि पुरळ यांना गोवर समजण्याची चूक सहज होते. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथेच, कारण पहिल्या १० दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातील प्रतिपिंडांचे औषध) दिल्यास या वाहिन्यांना फुगवटे येण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास येते.

टू-डी इको आणि सीटी स्कॅनमधून वाहिनीचा आकार कळतो. तेवढ्याने निर्णय होत नसेल, तर मुलाला भूल देऊन जांघेतील धमनीतून बारीक कॅथेटर, म्हणजे लवचिक नळी, हृदयापर्यंत नेतात, रंगद्रव्य सोडून चित्रे घेतात आणि गरज भासल्यास जेमतेम ०.३६ मिलिमीटर जाडीची, दाब मोजणारी तार अरुंद भागापलीकडे सरकवतात. मग ॲडेनोसिन हे औषध देऊन हृदयाच्या स्नायूतील सूक्ष्म वाहिन्या सैल करतात, म्हणजे जणू गल्लीतील सगळे नळ सोडतात, आणि पलीकडच्या दाबाला महाधमनीतील दाबाने भागतात. प्रौढांमध्ये हे गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आले, तर अडथळा महत्त्वाचा मानतात. हा आकडा प्रौढांच्या अभ्यासांतून आलेला असल्याने तो मुलांना जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. शिवाय महाधमनीच्या भिंतीत दबणारी वाहिनी ॲडेनोसिनने दबेलच असे नाही. त्यासाठी हृदय जोराने धडधडवणारे डोब्युटामिन अनेकदा अधिक उपयोगी पडते.

या तपासणीत क्ष-किरणे लागतात, आणि लहान मुलाच्या जांघेतील अरुंद धमनीत गुठळी होण्याचा धोकाही असतो. म्हणूनच तपासणीनंतर काही तास पाय सरळ ठेवायला सांगतात आणि परिचारिका त्याच पायाची नाडी पुन्हा पुन्हा पाहत राहतात.