टीएलडी बॅज: एप्रनवर नको, अंगावर हवा

(सांगली-मिरज, तासगाव, विटा, जत भागातील आमच्या एक्स-रे, सीटी व डेंटल ग्राहकांसाठी)

टीएलडी बॅज म्हणजे किरणांच्या कामातल्या माणसाला किती किरण लागले, म्हणजे त्याचा डोस, मोजणारा छोटा बॅज. त्याचे तिमाहीचे रिपोर्ट आले की आमचे फोन सुरू होतात. "डॉक्टर, आमचा टेक्निशियन दिवसाला दहा-वीस फिल्म काढतो, त्याचा डोस एवढा कसा?" बहुतेक वेळा उत्तर एकच निघते: डोस त्याला लागलेलाच नसतो, बॅजला लागलेला असतो.

काम संपले की किरण अडवणारा शिशाचा एप्रन काढून चेस्ट स्टँडशेजारच्या खुंटीला अडकवायचा आणि बॅज त्यालाच लावलेला राहू द्यायचा, ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय. दुसऱ्या दिवशी बॅज नसलेला माणूस पार्टिशनमागे सुरक्षित उभा असतो आणि बॅज मात्र खोलीतले प्रत्येक एक्स्पोजर मोजत बसतो. आतल्या चकत्यांमधला स्फटिक किरणांची ऊर्जा धरून ठेवतो. प्रयोगशाळेत तापवल्यावर तो जो प्रकाश देतो, त्यावरून डोस काढतात. बॅज छातीवर होता की भिंतीवर, हे त्या प्रकाशाला विचारता येत नाही.

एका तिमाहीत आकडा 10 मिलिसिव्हर्टच्या (डोस मोजायचे एकक) वर गेला की एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, चौकशी लागते. मग टेक्निशियनचा जबाब, कामाचा तपशील, मालकाचे स्पष्टीकरण. आकडा फारच मोठा असेल तर गुणसूत्रांसाठी रक्ततपासणीपर्यंत गोष्ट जाते. "बॅज खुंटीला होता" हे नंतर पटवून देणे फार जड जाते, आणि नोंद त्या माणसाच्या आयुष्यभराच्या डोस रेकॉर्डला चिकटते. म्हणूनच एईआरबीला द्यायचे उत्तर तयार करून देण्याचे पैसे आम्ही वेगळे घेतो. काहींना ते खटकते, पण दोन-तीन दिवस त्यातच जातात.

कंट्रोल बॅजचा घोटाळा याच्या उलटा. तो नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजायला असतो आणि त्याचा आकडा बाकीच्यांतून वजा होतो. तो एक्स-रे खोलीच्या ड्रॉवरमध्ये ठेवला तर खरा डोसही वजा होऊन सगळ्यांचे रिपोर्ट शून्य दिसतात. अशा शून्यावर खूश होऊ नका. कंट्रोल बॅज रिसेप्शनच्या कपाटात ठेवा. ड्युटी संपल्यावर बाकीचे बॅजही तिथेच, त्याच्याशेजारी.

घालायचा कसा? छातीवर, एप्रनच्या आत. एकाचा बॅज दुसऱ्याने वापरायचा नाही. कोट धोब्याकडे देण्याआधी खिसा तपासा. आणि बॅज संरक्षण करत नाही, फक्त मोजतो. संरक्षण भिंत, एप्रन आणि अंतर करतात: पेशंटकडून विखुरणारे किरण 1 मीटरवर जेवढे लागतात, त्याच्या साधारण चौथा भाग 2 मीटरवर. कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा सलग 5 वर्षांची सरासरी धरून वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात 30. नीट चालणाऱ्या साध्या एक्स-रे खोलीत माणूस त्याच्या जवळपासही जात नाही, म्हणून मोठा आकडा आला की आम्ही आधी खुंटीकडे बघतो.

आम्ही मिरजेत सुरुवात केली तेव्हा काम बहुतेक खोलीचा नकाशा आणि सर्व्हे एवढेच होते. आता ई-लोरावरची (एईआरबीचे ऑनलाइन पोर्टल) नोंदणी व परवाने, ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे), सीटी, कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली), कुपवाडच्या फाउंड्रींतली इरिडियम-192 ची रेडिओग्राफी (किरणोत्सर्गी इरिडियमने धातूच्या आतले दोष बघणे) असे बरेच काही बघतो. इरिडियमवाल्यांकडे बॅजची शिस्त दवाखान्यांपेक्षा चांगली असते, हे सांगितले की डॉक्टरांना राग येतो, पण तसेच आहे.

आमच्याकडून बॅज घेणाऱ्यांना नावाच्या पट्ट्या असलेला रॅक मोफत देतो. भिंतीला लावायची जागा आम्ही येऊन दाखवतो. तिमाही संपताच, म्हणजे मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरअखेर, सगळे बॅज कंट्रोलसह एकाच पाकिटात द्या. एक-दोन मागे ठेवून नंतर पाठवू नका. मशीनचा क्यूए (गुणवत्ता तपासणी) दर 2 वर्षांनी लागतो. तो रॅकच्या भेटीतच उरकला तर आमच्या येण्याजाण्याचा खर्च तुम्हाला एकदाच पडेल.