लॅम्ब भावंडांच्या शेक्सपिअर-गोष्टी

मोठ्यांची नाटकं मुलांसाठी गोष्टीरूपात सांगायची म्हटलं की पहिलं नाव येतं ते 'टेल्स फ्रॉम शेक्सपिअर'चं. लंडनला १८०७ साली आलेलं हे पुस्तक, चार्ल्स आणि मेरी लॅम्ब या भावा-बहिणीने मिळून लिहिलेलं, त्यात शेक्सपिअरच्या वीस नाटकांच्या गोष्टी आहेत. पब्लिशर विल्यम गॉडविन, तो आणि त्याची बायको तेव्हा मुलांच्या पुस्तकांचं दुकान चालवायचे. कव्हरवर नाव मात्र एकट्या चार्ल्सचं! खरं तर वीसपैकी चौदा गोष्टी मेरीच्या, चार्ल्सने फक्त सहा शोकांतिका केल्या (हॅम्लेट, लिअर, मॅकबेथ वगैरे). मेरीचं नाव पुस्तकावर यायला पुढे बरीच वर्षं गेली.

चार्ल्स दिवसभर ईस्ट इंडिया कंपनीत कारकुनी करायचा आणि उरलेल्या वेळात लिहायचा. मेरीला वेडाचे झटके यायचे, १७९६ मध्ये अशाच एका झटक्यात तिच्या हातून आईचा जीव गेला होता आणि तेव्हापासून तिला सांभाळायची जबाबदारी चार्ल्सने स्वतःवर घेतली होती. दोघं एकाच टेबलावर बसून या गोष्टी लिहायचे. मेरीने एका पत्रात लिहिलंय की मी तपकीर ओढत असते आणि हा सारखा कण्हतो, यातून काही होणार नाही म्हणतो आणि लिहून संपलं की याला कळतं की काहीतरी झालंय. तिची स्वतःचीही एक तक्रार होती, की इतक्या नाटकांत पोरी मुलांचे कपडे घालून फिरतात म्हणजे शेक्सपिअरकडे कल्पनाशक्तीच कमी असावी.

नाटकाची गोष्ट करायची म्हणजे आधी सुरुवातच बदलावी लागते. 'टेम्पेस्ट' नाटक सुरू होतं ते वादळात सापडलेल्या जहाजावर, खलाशांची नुसती आरडाओरड, कोण कुठला काही कळत नाही. लॅम्बच्या गोष्टीत पहिल्याच वाक्यात समुद्रातलं एक बेट येतं आणि त्यावर राहणारा म्हातारा प्रॉस्परो व त्याची देखणी मुलगी मिरांडा, म्हणजे आपल्या 'आटपाट नगर होतं'च्या चालीवर. जमेल तिथे मूळचेच शब्द ठेवायचे आणि शेक्सपिअरच्या नंतर इंग्रजीत आलेले शब्द शक्यतो टाळायचे, असं दोघांनी ठरवलेलं. प्रस्तावनेत म्हटलंय की पुस्तक मुख्यतः मुलींसाठी आहे, कारण मुलांना वडिलांची पुस्तकं लवकर हाताळायला मिळतात, मुलींना नाही.

कात्री बरीच चाललीय हे खरं. 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला हास्यास्पद कारभारी माल्व्होलिओ गायब, 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या नवरा निवडायच्या तीन पेट्या गायब, 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला गाढवाचं डोकं लागलेला बॉटम तर नुसता जंगलात वाट चुकलेला एक गावंढळ माणूस होऊन बसलाय. म्हणजे विनोद सगळ्यात आधी कापला गेला, आणि मुलांच्या पुस्तकातून नेमका तोच जावा हे मला तरी पटत नाही. त्याच १८०७ साली हेन्रिएटा बाउडलरने वीसच नाटकं घेऊन त्यातला 'अश्लील' मजकूर गाळून 'फॅमिली शेक्सपिअर' काढलं, नाटक नाटकच ठेवून. गंमत म्हणजे तिथेही बाईचं नाव छापलं नव्हतं.

पण एका ठिकाणी हे मुलांचं पुस्तक तेव्हाच्या थिएटरपेक्षा जास्त इमानदार होतं. लंडनच्या स्टेजवर किंग लिअर व्हायचं ते नाहम टेट या नाटककाराने १६८१ मध्ये बदललेलं, त्यात लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया मरत नाही, तिचं लग्न लागतं, लिअरला राज्य परत मिळतं आणि विदूषक तर पूर्ण उडवलेला. 'नटसम्राट' बघून रडलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल विचार करा. चार्ल्सने मात्र गोष्टीत कॉर्डेलियाचं मरण ठेवलं, वादळात लिअरसोबत फिरणारा विदूषकही ठेवला (ग्लॉस्टर या सरदाराचे डोळे काढतात तो भाग तेवढा गाळला). म्हणजे तिकीट काढून बसलेल्या मोठ्यांना गोड शेवट आणि घरी वाचणाऱ्या पोरांना खरा. स्टेजवर दुःखी शेवट १८२३ मध्ये एडमंड कीन या नटाने करून बघितला, विदूषक परत यायला १८३८ उजाडलं, मॅक्रेडी या नटाच्या प्रयोगात, आणि ते काम केलं प्रिसिला हॉर्टन नावाच्या मुलीने, मुलाचे कपडे घालून.