मक्यातली अळी मोजायची कशी? कोल्हापुरातल्या वादाची पार्श्वभूमी

मक्यावर लष्करी अळी पडली की लागलेली झाडं मोजायची कशी आणि फवारायचं कधी, यावर कोल्हापुरात वाद आहे. मुळात मक्यात शिरून झाडं मोजायची सवय कोल्हापूरला तशी अलीकडची. खोडकिडा पूर्वीही होता, पण ऊस आणि भात सांभाळताना त्याच्याकडे बघायला सवड कुणाला? राज्यात कीड सर्वेक्षणाची घडी बसली ती सोयाबीनमुळे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात अळ्यांनी पीक फस्त केलं आणि पुढच्या हंगामापासून ठरावीक शेतांतल्या नोंदी सुरू झाल्या.

मक्याची पाळी २०१८ ला आली. मे महिन्यात कर्नाटकातल्या शिवमोग्ग्यात सापडलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. मग शेताच्या कडेच्या ओळी सोडून आत जायचं, इंग्रजी डब्ल्यूसारखं फिरायचं, पाच जागी थांबून पोंगे, म्हणजे झाडाच्या शेंड्यातल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांचे सुरळे, उघडून बघायचे, ही पद्धत गावोगाव सांगितली गेली. पोंग्यात ओला, भुशासारखा चोथा, म्हणजे अळीची विष्ठा, असला की अळी आत आहेच. वाळलेला असेल तर ती बहुधा निघून गेली. पानावर नुसते पांढरट पापुद्रे दिसले तर अळी लहान, म्हणजे औषध लागू पडण्याची हीच वेळ.

वाद आहे तो आकड्यांचा. रोपावस्थेत ५ टक्के आणि पोंग्याच्या अवस्थेत १० टक्के झाडं लागलेली दिसली की फवारा, असं सांगितलं जातं. पण लागलेली म्हणजे काय? पानावरची भोकं अळी मेल्यावरही तशीच राहतात. सगळी भोकं धरून मोजलं तर कालच फवारलेलं शेतही आज पुन्हा फवारणीला पात्र ठरतं. ताजा चोथा किंवा जिवंत अळी दिसली तरच झाड मोजावं, हे म्हणणं जास्त पटतं. दुकानदाराला मात्र पहिली रीत सोयीची, हे सांगायला नको.

त्यात इथला बराच मका वैरणीचा. दाण्याच्या मक्याला हेक्टरी १५ ते २० किलो बी, तर वैरणीला ७५ किलोपर्यंत. एवढ्या दाटीत डब्ल्यू कसला फिरता? कडेनंच बघावं लागतं. शिवाय सत्तरेक दिवसांत कापून थेट दावणीला जाणाऱ्या पिकाला दाण्याच्या मक्याचे आकडे लावणं मुळातच चूक. दाण्याचं नुकसान इथे मोजायचंच नसतं. फवारलेलं औषध मात्र म्हशीच्या पोटात जातं. तरीही हाती दिल्या जाणाऱ्या पत्रकांत दोन्ही मक्यांना बहुतेक वेळा एकच तक्ता असतो.