धडधाकट गरीब: एका जुन्या संशयाची पार्श्वभूमी

१३४८ मध्ये प्लेग इंग्लंडमध्ये पोहोचला आणि दीड-दोन वर्षांत तिथली निदान एक तृतीयांश माणसं गेली. पिकं उभी होती, पण कापायला हात नव्हते. जे मजूर वाचले, ते जास्त मजुरी मागू लागले आणि ती त्यांना मिळूही लागली. तेव्हा राजा तिसरा एडवर्ड याने १३४९ मध्ये हुकूम काढला. ज्याच्याकडे पोटापुरती जमीन किंवा धंदा नाही, अशा साठीच्या आतल्या प्रत्येक धडधाकट माणसाने बोलावलं तिथे काम करायचं, आणि तेही साथीच्या आधीच्या दराने. त्याच हुकुमात आणखी एक कलम होतं: काम करू शकणाऱ्या भिकाऱ्याला भीक घालणाऱ्यालाही कैद.

माणूस श्रीमंत किंवा गरीब होतो तो स्वतःच्या कष्टाने की परिस्थितीने, या वादाचा माग काढायचा तर इथून सुरुवात करावीशी वाटते. मजुरांची कमाई वाढली ती ते एका वर्षात जास्त कष्टाळू झाले म्हणून नव्हे. शेजारचे मेले, हात कमी पडले, म्हणून उरलेल्यांच्या हातांना भाव आला. परिस्थितीचा इतका उघडा पुरावा समोर असताना कायद्याने मात्र भाषा वापरली ती आळसाची.

हीच भाषा पुढे पक्की झाली. १६०१ च्या इंग्लिश गरीब कायद्याने मदतीची जबाबदारी गावागावांवर टाकली. म्हातारे, अपंग, अनाथ यांना आधार, धडधाकटांना काम आणि काम टाळणाऱ्यांना शिक्षा, अशी त्याची वाटणी होती. मदत देणाऱ्याला मदतीलायक कोण हे ठरवावंच लागतं, हे मान्य. पण ‘लायक’ आणि ‘नालायक’ गरीब ही विभागणी जन्मली ती गरिबी समजून घेण्यासाठी नव्हे, खर्च आवरण्यासाठी, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

१८३४ मध्ये तो खर्च फारच वाढल्याची ओरड झाली आणि कायदा बदलला. मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या आश्रयगृहात, या, आणि तिथलं जिणं बाहेरच्या सर्वात गरीब मजुरापेक्षाही वाईटच असलं पाहिजे, हे नव्या व्यवस्थेचं तत्त्व ठरलं. नवरा-बायको वेगळे, मुलं वेगळी. यामागचा हिशेब सरळ होता: गरिबी आळसातून येते, मग आळस महाग केला की गरिबी हटेल. १८४५ मध्ये अँडोव्हरच्या वर्कहाऊसची हकिगत बाहेर आली. तिथल्या लोकांना खतासाठी जनावरांची हाडं कुटायचं काम होतं आणि भुकेपोटी ते त्या हाडांना चिकटलेलं मांस आणि आतला मगज खात होते. हाडं कुटणं हे अतिशय कष्टाचं काम. म्हणजे कष्ट होतेच, पोट भरत नव्हतं.

कष्टाची थोरवी फक्त वरच्या लोकांनीच गायली असं मात्र नाही, आणि इथे न्यायाने लिहायला हवं. त्याच वर्षी लीड्स शहरात लेखक सॅम्युएल स्माइल्स तरुण कामगारांपुढे स्वावलंबनावर बोलत होते. ही मुलं आपल्या आपण, संध्याकाळी, एकमेकांना लिहायला-वाचायला आणि गणित शिकवायला जमत. दोघा-तिघांपासून सुरू झालेला हा वर्ग शंभराच्या आसपास गेला, तेव्हा त्यांनी भाड्याने घेतलेली खोली पूर्वी कॉलऱ्याचं तात्पुरतं इस्पितळ होती. दिवसभर राबून रात्री तिथे बसणाऱ्या मुलाला ‘सगळं परिस्थितीवर असतं’ असं सांगणं हा त्याचा अपमानच. कष्टावरचा विश्वास गरिबाचा स्वाभिमानही असतो. अडचण सुरू होते ती हाच विश्वास दुसऱ्याला दोष द्यायला वापरला की.

मराठीत ‘करंटा’ हा शब्द आहे. मूळ अर्थ दुर्दैवी, पण आपण तो शिवीसारखा वापरतो. ज्याचं नशीब फुटकं, तोच गुन्हेगार. ही गल्लत एकाच भाषेची नाही. १९६० च्या दशकात मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलं की, एखाद्याला निष्कारण त्रास होताना पाहिला आणि तो थांबवता आला नाही, की पाहणारे त्या माणसालाच कमी लेखू लागतात. जग न्यायी आहे हा समज टिकवायची ती धडपड असते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही माणसं मोजायला निघाली आणि वादाचा नूर बदलला. चार्ल्स बूथ हा जहाजांच्या धंद्यातला सधन माणूस. त्याने लंडनचा एकेक रस्ता गरिबी-श्रीमंतीप्रमाणे रंगवला. सर्वात खालच्या रस्त्यांसाठी काळा रंग, आणि नकाशाच्या सूचीत त्यापुढे ‘दुर्व्यसनी, अर्धगुन्हेगार’ असा शेरा. म्हणजे पूर्वग्रह त्याच्याकडेही होता. पण गरिबीची कारणं मोजली तेव्हा आकडे वेगळंच बोलले. अगदी तळच्या थरात ५५ टक्के कारणं कामाशी निगडित होती: काम अधूनमधून मिळणं, मजुरी तुटपुंजी असणं. २७ टक्के आजारपण, मोठं कुटुंब यांसारखी परिस्थिती. दारू आणि उधळपट्टी धरून सवयींचा वाटा १४ टक्के. काम नकोच असलेले अवघे ४.

सीबोम राउंट्री चॉकलेट कारखानदाराच्या घरातला. त्याने १८९९ मध्ये यॉर्क शहरातली ११,५६० कामगार कुटुंबं पाहिली. शरीर जेमतेम चालू ठेवायला किती लागतं, याचा त्याने कमालीचा कठोर हिशेब केला. त्यात वर्तमानपत्र नाही, गाडीभाडं नाही, गावी पत्र पाठवायला टपालखर्च नाही, मुलाला खेळणं नाही. इतकं चेपूनही ज्यांची मिळकत पुरत नव्हती, त्यांच्यातल्या सुमारे ५२ टक्के लोकांच्या घरी कर्ता माणूस नियमित कामावर जात होता; मजुरीच कमी होती. साधारण २२ टक्क्यांच्या घरी खाणारी तोंडं जास्त होती, तर १५-१६ टक्क्यांच्या घरचा कर्ता गेला होता. मजुराच्या आयुष्यात गरिबी तीनदा येते, हेही त्याने दाखवलं: लहानपणी, मुलं लहान असताना आणि म्हातारपणी. आळस काही वयाचं वेळापत्रक पाळत नाही.

याच्या बरंच आधी, १८७० च्या दशकात, दादाभाई नौरोजींनी असाच हिशेब एका अख्ख्या देशासाठी मांडला होता. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर वर्षाला होणारा खर्च त्यांनी दरडोई उत्पन्नाशेजारी ठेवला. १८६७-६८ साठी त्यांनी काढलेलं उत्पन्न होतं माणशी २० रुपये, आणि मुंबई इलाख्यात कैद्याचा खर्च त्याहून जास्त भरत होता. कोट्यवधी लोक एकाच वेळी आळशी कसे, या प्रश्नाला मग उत्तर उरत नाही.

तरी जुना संशय चिवट निघाला. ब्रिटनमध्ये १९०८ साली वृद्धांना पेन्शन देणारा कायदा झाला, त्यातही काम टाळण्याची सवय असलेल्यांना वगळणारी अट होतीच. सत्तर वर्षांच्या माणसाची ती चौकशी.

ऑस्ट्रियातलं मारिएनथाल हे गाव मला या सगळ्या इतिहासात सर्वात बोलकं वाटतं. मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन घराघरांतल्या नोंदी केल्या. ते काम १९३३ मध्ये प्रसिद्ध झालं. लोकांकडे आता वेळच वेळ होता. तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं, वर्गणी माफ करूनही. संशोधकांनी रस्त्यावर माणसांच्या चालण्याचा वेगही मोजला: पुरुष संथ चालत, पुन्हा पुन्हा थांबत. त्या दिवसांत कुणी परका तिथून गेला असता तर म्हणाला असता, गाव आळशी आहे म्हणूनच गरीब. पण याच पुरुषांनी काही वर्षांपूर्वी गिरणी चालवली होती. संथपणा गरिबीमागून आला होता.

पुढे तत्त्वज्ञांनी वाद आणखी खोल नेला. १९७१ मध्ये जॉन रॉल्स यांनी म्हटलं की, प्रयत्न करण्याची उमेदसुद्धा घर आणि समाज कसा मिळाला यावर ठरते. १९७४ मध्ये रॉबर्ट नोझिक यांनी उलट बाजू लावून धरली: संपत्ती गैरमार्गाने मिळवलेली नसेल, तर ती मिळवणाऱ्याचीच. दोन्ही बाजू आजही जिवंत आहेत. एक गोष्ट मात्र मोजता आली आहे. अर्थतज्ज्ञ ब्रांको मिलानोविच यांच्या हिशेबानुसार, जगभरातल्या माणसांच्या उत्पन्नात जो फरक दिसतो, त्यातला अर्ध्याहून अधिक फरक माणूस कोणत्या देशात राहतो एवढ्यावरूनच उलगडतो. आणि देश तर बहुतेकांना जन्मानेच मिळतो.

अलीकडचा सर्वात नेमका पुरावा बांगलादेशातून आला. तिथे २००७ पासून ब्रॅक या संस्थेने अतिगरीब बायकांना एकदाच जनावरं दिली, बहुधा गाय, आणि सोबत प्रशिक्षण. आधी या बायका दुसऱ्याच्या शेतात किंवा घरात हंगामापुरतं, रोजावर राबत. अभ्यासकांनी त्यांचा अकरा वर्षं माग ठेवला. गाय मिळाली तेव्हा जिच्याकडे आधीच थोडी जास्त मालमत्ता होती, ती एका ठरावीक रेषेच्या वर गेली आणि पुढे चढत राहिली. जिच्याकडे तेवढंही नव्हतं, ती रेषेखाली राहिली आणि हळूहळू होती तिथेच परतली. गाय सारखीच होती, प्रशिक्षणही सारखंच. २०२२ मध्ये छापून आलेल्या त्या विश्लेषणात असंही दिसलं की, खाली घसरलेल्यांपैकी बहुतेकजणी वर गेलेल्यांचं काम तितकंच चांगलं करू शकल्या असत्या.